गाडीत अद्भुतरम्य कादंबरी ऐकता का? (पुणे ते नागपूर, सोबत तेरा बुटके)

ऋतुगंधा

गेल्या गुरुवारी आम्ही पुण्याहून नागपूरला गाडीने आलो. नणंदेच्या मुलाचं लग्न आहे. गाडीत चौघं: नवरा चालवायला, मी शेजारी, मागे सासूबाई (वय ७४) आणि लेक (वय ९). दरवेळी गाणी लावतो आणि दरवेळी शिरूरच्या आत कोणाची गाणी लावायची यावरून वाद होतात. म्हणून यंदा ऑडिओबुक घेतलं. टोल्किनचं 'द हॉबिट', इंग्रजीत, अँडी सर्किसने वाचलेलं. हा तोच नट ज्याने सिनेमात गॉलम, म्हणजे गोष्टीतला कोडी घालणारा विचित्र प्राणी, केला होता. साडेदहा तासांच्या आसपास आहे. म्हटलं, नागपूर येईपर्यंत पुरेल.

वाघोलीच्या गर्दीतच गोष्ट सुरू झाली. गोष्टीचा नायक बिल्बो, त्याच्या दारात एकामागून एक बुटके येऊन उभे राहतात. शिक्रापूर यायच्या आत लेकीने सगळी नावं पाढ्यासारखी म्हणायला सुरुवात केली: ड्वालिन, बालिन, किली, फिली, डोरी, नोरी, ओरी, ओइन, ग्लोइन, बिफुर, बोफुर, बॉम्बुर आणि थोरिन.

थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही सगळे हसताय, मला कळू तरी द्या काय चाललंय." त्यांना इंग्रजी समजतं, पण इतकं भरभर बोललेलं नाही. मग लेकीने माझ्याकडून फोन घेतला, गोष्ट थांबवली आणि सांगायला लागली. "अगं आजी, हा बिल्बो आहे ना, त्याला घरी बसून खायला-प्यायला आवडतं. कुठे जायला नको असतं. आणि त्याच्याकडे न कळवता तेरा पाहुणे आले."

"तेरा? आणि स्वयंपाक कोणी केला?"

त्यानंतर आमच्या गाडीत पद्धतच पडली. एक प्रकरण झालं की थांबायचं, लेक आजीला मराठीत सांगणार, आजी प्रश्न विचारणार, मग पुढे. सूर्य उगवल्यावर राक्षसांचे दगड होतात, तिथे आजींनी विचारलं, "अहल्येसारखे?" लेक म्हणाली, "नाही गं, ह्यांना सोडवायला कोणी येत नाही." आजी बराच वेळ गप्प होत्या. मला वाटतं त्यांना वाईट वाटलं.

पण आता खरा प्रश्न. आम्हाला मेहकरला समृद्धी महामार्गावरून उतरून लोणारला जायचं होतं. तेव्हा जंगलातल्या, कोळिष्टकं विणणाऱ्या महाकाय कोळ्यांचं प्रकरण चालू होतं. सगळे बुटके जाळ्यात लटकलेले, बिल्बो एकटा. आणि नवऱ्याने मेहकरचा एक्झिट सोडला. पाटी त्याला दिसलीच नाही, मलाही नाही. १२० च्या रस्त्यावर आम्ही दोघंही त्या जंगलात होतो. पुढचा एक्झिट येईपर्यंत मला एकच विचार येत होता, की पाटीच्या जागी माणूस असता तर? मी गोष्ट बंद केली. नागपूरपर्यंत पुन्हा लावली नाही. लेक रुसली.

रविवारी परत निघायचं आहे. अर्धी गोष्ट बाकी आहे, ड्रॅगन यायचाच आहे. तुम्ही लोक लांबच्या प्रवासात असं काही ऐकता का? चालवणाऱ्याचं लक्ष खरंच उडतं, की हा आमचाच दोष? खूप मनापासून विचारतेय.

घाटमाथा

ऐकतो. पण आमच्या घरी एक नियम आहे: घाट लागला की गोष्ट बंद. आंबा, फोंडा, करूळ, आंबोली, कुठलाही असो. आंबोलीत जुलैचं धुकं असताना पुढच्या गाडीचा लाल दिवा दहा फुटांवर दिसतो, तिथे कान रस्त्यालाच द्यावे लागतात. मागच्या ट्रकचा हॉर्न, पुढच्या वळणावरची एसटी, सगळं आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. सपाटीला लागलं की पुन्हा सुरू.

वऱ्हाडी_ठसका

आमच्या नागपुरात आले अन् सांगितलं नाही? लग्न कुठं आहे ते सांगा, तर्री पोहे खाऊ घालतो.

बाकी ताई, समृद्धीची गोष्ट वेगळी आहे. मी महिन्यातून दोनदा जातो. वळण नाही, सिग्नल नाही, गाव नाही, समोर नुसता पांढरा काँक्रीट. तासाभरानं डोळे उघडे राहतात पण माणूस जागेवर राहत नाही. त्याले रस्त्याचं संमोहन म्हणतात. काहीच नाही ऐकलं त जास्त होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी त ऐकतोच.

निशाचर

मी वीस वर्षं गाडी चालवून पोट भरतोय, त्यातली बारा रात्रीच्या फेऱ्यांवर. घाटमाथा यांचा नियम शंभर टक्के बरोबर. वऱ्हाडी भाऊंचं मात्र अर्धंच पटलं.

गोष्ट कंटाळा घालवते. झोप घालवत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करून माणसं मरतात. दुपारी दोनला जांभया येतात तो कंटाळा असू शकतो, तिथे गोष्टीने फरक पडतो. पहाटे तीन-चारला येते ती झोप. तिच्यापुढे गाणी, गोष्ट, तोंडावर पाणी, खिडकीची काच खाली, काही चालत नाही. उलट गोष्ट चालू असेल तर तुम्ही ऐकताय असंच वाटत राहतं आणि मधले चार सेकंद गेलेले कळत नाहीत. १२० ला चार सेकंदांत गाडी सव्वाशे-दीडशे मीटर जाते.

मी स्वतःला एक परीक्षा लावतो. गेल्या पाच मिनिटांत गोष्टीत काय झालं ते आठवायचं. आठवत नसेल तर दोनच कारणं. एक, मधे रस्त्यावर काहीतरी अवघड होतं आणि लक्ष तिकडे गेलं, हे चांगलं. रस्त्यावर काहीच नव्हतं आणि तरी आठवत नसेल, तर पुढच्या पंपावर गाडी लावायची, सीट मागे करायची आणि वीस मिनिटं झोपायचं. चहा नंतर.

ऋतुगंधाताई, तुमच्या नवऱ्याला गोष्ट व्यवस्थित आठवत होती ना? म्हणजे तो जागा होता, पण गोष्टीत होता. हा तिसरा प्रकार. त्याला उपाय आहे, पण तो शेजारी बसणाऱ्याकडे आहे. रस्ता बघायचं काम दोघांपैकी एकाचं कायम पक्कं हवं. तुम्ही दोघंही जंगलात गेलात, चूक तिथे झाली.

ऋतुगंधा

निशाचर, हे वाचून मी नवऱ्याला दाखवलं. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. धन्यवाद. शेजारच्या सीटचं काम असतं हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रश्नचिन्ह

गाणी चालतात, क्रिकेटची कॉमेंटरी चालते, मग गोष्टच का नको?

शब्दवेडी

@प्रश्नचिन्ह, गाणं मधेच सोडता येतं. पाठ असतं, पुन्हा कुठूनही धरता येतं. गोष्ट सोडवत नाही. त्यातून अद्भुतरम्य कादंबरी असेल तर तिथलं सगळंच नवं असतं. गावं नवी, माणसं नवी, जनावरं नवी, कायदे नवे. पुण्यात घडणारी गोष्ट असेल तर लेखकाने 'लक्ष्मी रोड' म्हटलं की आपलं काम झालं. इथे प्रत्येक गोष्ट डोक्यात उभी करावी लागते, आणि उभी करताना डोळ्यांसमोरचं पुसट होतं. म्हणून माझं मत: चालवणाऱ्याने ऐकू नये.

दुसरं मत, त्याहून वादाचं. हे ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. टोल्किनने त्या पुस्तकासाठी स्वतः नकाशे काढलेत. थोरिनचा आजोबा थ्रोर याच्या नकाशावर चंद्राच्या उजेडात दिसणारी गुप्त अक्षरं आहेत. ऐकणाऱ्याला ती कुठे दिसणार? आणि मागे वळून 'हा बोफुर कोण होता' ते बघायचं तर पान उलटता येत नाही.

टिपणवही

शब्दवेडी यांच्या नकाशाच्या मुद्द्याला +१. त्यावर सोपा तोडगा म्हणजे नकाशा छापून मागच्या सीटवर द्यायचा. मुलं बोट ठेवून प्रवास करतात.

पण हे पुस्तक ऐकण्यासाठी नाही, हे पटलं नाही. टोल्किन ते आधी स्वतःच्या मुलांना सांगत असत, १९३७ साली छापून आलं ते नंतर. निवेदक मधूनमधून थेट वाचणाऱ्याशी बोलतो, 'तुम्हाला ठाऊकच आहे' अशा थाटात. तो कागदावरचा आवाज नाही, पलंगाच्या कडेला बसलेल्या बापाचा आहे.

अजून एक, कोड्यांचं प्रकरण. आज आपण जे ऐकतो ते पहिल्या आवृत्तीतलं नाही. १९३७ च्या आवृत्तीत गॉलम बराच सरळ आहे, पैजेवर अंगठी द्यायला तयार असतो. पुढची मोठी कादंबरी, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', लिहिताना त्या अंगठीला वेगळंच वजन आलं, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. आणि सर्किसने ध्वनिमुद्रण येण्याआधी २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, अख्खं पुस्तक एका दिवसात लोकांसमोर ऑनलाइन वाचलं होतं, मदतनिधीसाठी. अधूनमधून छोटी विश्रांती घेत, सकाळपासून रात्रीपर्यंत.

कानसेन

'ऐकणं म्हणजे वाचन नव्हे' यावर मला बोललं पाहिजे.

माझी दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. त्यानंतर जे काही वाचलं ते कानांनी. आधी कॅसेटवरची टॉकिंग बुक्स, कोणीतरी भल्या माणसाने फावल्या वेळात वाचून ठेवलेली, मागे पंख्याचा आवाज आणि मधेच कुकरची शिट्टी. मग संगणकाचा यांत्रिक आवाज, मग फोन. मी ग्रंथालयात जातो, पुस्तकांवर भांडतो, नावडती पुस्तकं अर्धी सोडतो. शब्दवेडीताई, हे वाचन नसेल तर मी गेली एकतीस वर्षं काय करतोय?

रागाने लिहीत नाही. तुमचा नकाशाचा मुद्दा खरा आहे, मला तो नकाशा भावाने तळहातावर बोटाने काढून दाखवला होता. पण नावांचं तुम्ही म्हणता तसं होत नाही. कानाला नावं डोळ्यांपेक्षा चांगली राहतात, फक्त ती कानासाठी रचलेली हवीत. ती तेरा नावं पुन्हा म्हणून बघा. किली-फिली, ओइन-ग्लोइन, डोरी-नोरी-ओरी. जोड्या आहेत, यमकं आहेत. नऊ वर्षांच्या मुलीने शिक्रापूरच्या आत पाठ केली ती उगाच नव्हे.

आणि गाडीबद्दल. घरी मी दुप्पट वेगाने ऐकतो, डोळसांना ते शब्द वाटतच नाहीत. गाडीत मात्र सगळ्यांबरोबर, साध्या वेगात. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट लागतो. तुम्ही खिडकीतून बघता, मला घाट अंगाने कळतो. शरीर डावीकडे झुकतं, उजवीकडे झुकतं, कानात दडे बसतात, वर गेल्यावर हवा बदलते. त्या घाटात आम्ही पिंपांचं प्रकरण ऐकलं होतं, बुटके पिंपांत बसून नदीतून वाहत जातात ते. प्रत्येक वळणाला मी त्या पिंपात होतो. आजही कुंभार्ली म्हटलं की मला ओल्या लाकडाचा वास येतो. (चालवणारा भाऊ म्हणाला, त्याने त्यातलं काहीही ऐकलं नाही. घाटमाथा यांना बरं वाटेल.)

शब्दवेडी

कानसेन, मी माझं वाक्य मागे घेते. पूर्ण. मी स्वतःपुरतं बोलत होते आणि सगळ्यांसाठी नियम करून बसले. माफ करा. तळहातावरचा नकाशा मला आता विसरता येणार नाही.

डेसिबल

एक व्यावहारिक गोष्ट, कारण हा अनुभव कोणीच लिहिलेला नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा जास्त येतो, आणि तो खालच्या पट्टीतला, घुमणारा असतो. चांगला वाचक कुजबुजतो आणि गर्जतो. कुजबुज टायरच्या आवाजात बुडते, म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्या वाक्याला राक्षस ओरडला की मागची माणसं दचकतात. चालवणाराही.

उपाय: गाडीच्या स्टिरिओत बेस बराच खाली आणा, मधला पट्टा थोडा वर. माणसाचं बोलणं तिथेच असतं. आवाज पुढच्या दोन स्पीकरऐवजी थोडा मागे सरकवा. दुसरं, मार्ग सांगणाऱ्या नकाशाचा आवाज गोष्टीपेक्षा मोठा ठेवा, लहान नको. 'तीनशे मीटरवर डावीकडे' हे ड्रॅगनच्या वरचढ ऐकू आलंच पाहिजे. मेहकरला हेच झालं असणार. तिसरं, फाइल घरीच उतरवून घ्या. इगतपुरीच्या त्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यात गोष्ट अडकली की सगळे चालवणाऱ्याकडे बघतात आणि तो फोनकडे बघतो.

ऋतुगंधा

डेसिबल, अगदी अगदी! नकाशाचा आवाज मीच बारीक केला होता. तो सारखा मधे बोलत होता म्हणून.

मोगरा

आमच्याकडे ऑडिओबुकची सुरुवात वेगळ्याच कारणाने झाली. मुलाला गाडी लागते. ताम्हिणीत पुस्तक हातात घेतलं की दुसऱ्या वळणाला पिशवी. डॉक्टरांनी समजावलं, की डोळे स्थिर पानाकडे असतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण हलतोय, मेंदू गोंधळतो. तेव्हापासून आवळासुपारी, खिडकीतून लांबवर नजर, आणि कानाला गोष्ट. दोन वर्षांत एकदाही पिशवी लागली नाही. मुलगा म्हणतो, डोंगराकडे बघत ऐकलं की ड्रॅगन कुठे बसला असेल ते ठरवता येतं.

अण्णा१९५६

आमच्या लहानपणी गाडीही नव्हती आणि ऑडिओबुकही नव्हतं, पण ऐकणं होतं. वाईला वाड्यात रात्रीची जेवणं झाली की वडील नाथमाधवांचं 'वीरधवल' मोठ्याने वाचत. रोज एकच प्रकरण. कंदिलाची वात वडिलांनी हाताने खाली केली की समजायचं, आज संपलं. पुढचं पान चोरून बघायची आमची हिंमत नव्हती. आकाशवाणीवर नभोनाट्य लागे तेव्हा शेजारची मंडळी ओट्यावर येऊन बसत. पुढे मुलाने गाडी घेतली तेव्हा कॅसेटवर कथाकथन. मिरासदार, शंकर पाटील. मिरासदारांची गोष्ट लागली की सुनेला डोळे पुसायला रुमाल लागे, हसून.

सांगायचा मुद्दा असा, की तोडण्यातच गंमत होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणल्या, त्यातली शहाजादी तरी काय करते? पहाट झाली की गोष्ट अर्धवट ठेवते. तुमच्या लेकीने आजीसाठी गोष्ट थांबवली, तेच सगळ्यात योग्य झालं. अख्खं सलग ऐकायची घाई कशाला?

सॅन_होजेकर

अण्णा, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

आम्ही दर उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातून यलोस्टोनकडे जातो. वाटेत नेवाडा आडवा येतो. आय-८० महामार्गावरून हे राज्य ओलांडायला साधारण ४१० मैल, म्हणजे ६६० किलोमीटर. मीठ, झुडपं, लांबवर डोंगर, आणि मधे तासतास फोनला रेंज नाही. वऱ्हाडी भाऊंनी लिहिलेलं संमोहन मी तिथे शिकलो.

इंग्रजीत ऐकायला ढिगाने मिळतं. मुलांना मात्र मराठी ऐकवायचं होतं, आणि मराठीत चाळीस तास चालेल अशी अद्भुतरम्य मालिका मला मिळाली नाही. मग मी आईला साताऱ्याला फोन केला. तिच्याकडे 'वेताळ पंचविशी'ची जुनी प्रत होती. तिने फोनवर ध्वनिमुद्रण करून एकेक गोष्ट पाठवली. मागे कबुतरं, मधेच 'थांब रे, दूधवाला आला'.

आणि तेव्हा लक्षात आलं, की हे पुस्तक प्रवासासाठीच रचल्यासारखं आहे. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतोय, वेताळ गोष्ट सांगतोय, शेवटी प्रश्न. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. आम्ही प्रत्येक प्रश्नाला थांबवायचो. मुलं मराठीत उत्तर द्यायची, कारण प्रश्न मराठीत विचारलेला असायचा. धाकट्याने एका गोष्टीवर एल्कोपासून वेल्सपर्यंत (नेवाडातली वाटेवरची गावं) वाद घातला. त्याला नियम एकच, वाद मराठीत घालायचा.

कुडाळचो_झील

अवांतर, पण विषयाला लागून. मुंबई-गोवा हायवेवरून जाणाऱ्यांनी कुडाळला जरा आत वळा. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रांची पोथी पुढ्यात ठेवतात, एकेक चित्र उचलून दाखवतात आणि रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. शब्दवेडीताईंना ऐकणंही हवं आणि चित्रही हवं, तर ते आमच्याकडे कधीपासून एकत्र असा! गाडीतली गोष्ट थोडा वेळ बंद करा आणि ही ऐकून जा. येवा, कोकण आपलोच असा.

प्रश्नचिन्ह

'अद्भुतरम्य' म्हणावं की 'कल्पनारम्य'? मी शाळेत कल्पनारम्य शिकलो.

टिपणवही

कल्पनारम्य खूप रुंद आहे, त्यात प्रेमकथाही बसते. अद्भुत हा रसच आहे आपल्याकडे, त्याचा स्थायीभाव विस्मय. ड्रॅगनला अद्भुतच शोभतं. लोक फँटसी म्हणतात, तेही चालेल, वाद नको.

वऱ्हाडी_ठसका

ताई, लोणार चुकलं म्हणता त परत जाताना पाहाच. उल्का पडून झालेलं पावणेदोन-एक किलोमीटरचं विवर आहे, काळ्या पाषाणात. अन् गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूनं झाकण उडवून त्याले मारला, ते हे तळं, असं लोक सांगतात. जमिनीखालचा दैत्य न् डोंगराखालचा ड्रॅगन, एका दिवसात दोन्ही होऊन जातील. तर्री पोह्यांचं राहिलंच.

निशाचर

आणि लोणारला थांबलात म्हणजे चालवणाऱ्याचे पायही मोकळे होतील. टायरची हवा निघण्याआधी तपासा, गरम झाल्यावर नाही.

ऋतुगंधा

परत आलो. काल रात्री साडेदहाला पोहोचलो. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, म्हणून नीट सांगते.

वऱ्हाडी भाऊ, पोहे खाल्ले. तर्रीने लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागितली.

निघायच्या आधी नवऱ्याशी बोलून ठरवलं. गाडी चालू असताना ऐकायचं, पण शेजारची सीट 'रस्त्याची'. मी गोष्टीत अडकतेय असं वाटलं की मीच थांबवणार, विचारायचं नाही. एक्झिटच्या आधीची दहा किलोमीटर गोष्ट बंद. नकाशाचा आवाज मोठा. बेस खाली आणला, आणि खरंच, कुजबुज ऐकू यायला लागली. आणि ज्या प्रकरणात काहीतरी मोठं होणार असं वाटेल, ते गाडी उभी करून. लेकीला वाटलं हे तिच्यावर अन्याय करणारं आहे, पण नंतर तिनेच ठरवायला सुरुवात केली: "बाबा, आता तो ड्रॅगनच्या गुहेत शिरणार. गाडी लाव."

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. सासूबाई म्हणाल्या, जाताना मधे एक प्रकरण होतं, कोड्यांचं, ते मला नीट सांगितलं नाहीत. खरं होतं, तेव्हा जालन्याजवळ जेवायला थांबायची घाई होती. म्हणून वर्ध्याच्या पुढे ते पुन्हा लावलं. पहिलं कोडं झालं, लेकीने थांबवून मराठीत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "असली कोडी आम्हीही घालायचो. सुपभर लाह्या, त्यात एक रुपया." लेकीला येईना. नवऱ्याला आलं: चांदण्या आणि चंद्र. मग "पाटील बुवा राम राम, दाढी-मिशा लांब लांब." ते मला आलं, मक्याचं कणीस. गॉलमचं एक, आजीचं एक, असा सामना सुरू झाला. मी रस्ता बघत होते, शपथ.

शेवटून दुसरं आजीचं होतं. "तीन जण वाढायला, बारा जण जेवायला." लेकीने खूप डोकं खाजवलं. मग ओरडली, "घड्याळ!" आणि तिने गोष्ट पुढे सुरू केली. गॉलमचं शेवटचं कोडं आलं, सगळं खाणारं, डोंगर झिजवणारं. बिल्बोला येत नाही. त्याला म्हणायचं असतं, मला अजून वेळ दे, पण भीतीने तोंडातून एकच शब्द निघतो, 'वेळ'. आणि तेच उत्तर असतं.

लेक आजीकडे वळून बघतच राहिली. म्हणाली, "तुला माहीत होतं?" सासूबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या नुसत्या हसल्या, आणि तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मेहकर येईपर्यंत आम्ही पुढचं लावलं नाही. लावावंसंच वाटलं नाही.

मेहकरचा एक्झिट मिळाला. लोणारला विवराच्या कडेवर उभं राहून सासूबाईंनी लवणासुराची गोष्ट सांगितली, दैत्यसूदनाच्या देवळातल्या गुरुजींकडून ऐकून लगेच. अण्णा, तुम्ही म्हणालात तशीच, मधे तोडून. अर्धी कडेवर, अर्धी गाडीत.

गोष्ट अजून संपलेली नाही. तीन प्रकरणं राहिलीत. लेक म्हणते घरात ऐकायची नाहीत, गाडीतच. दिवाळीत गणपतीपुळ्याला जायचंय, तेव्हा. नवऱ्याला आंबा घाटाचा नियम पाठ झालाय.

कानसेन

तीन प्रकरणं शिल्लक ठेवून दिवाळीपर्यंत थांबायचं, हे मला कधीच जमलं नसतं. लेकीला माझा नमस्कार सांगा.

मोगरा

सासूबाईंनी काय केलं मग घरी आल्यावर? त्यांचं सांगा ना.

ऋतुगंधा

मोगरा, आज सकाळी त्यांनी लेकीकडून तेराही नावं देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. गुरुवारी भजनी मंडळ आहे, तिथे गोष्ट सांगणार आहेत. बॉम्बुरच्या पुढे स्वतःच्या अक्षरात 'हा जाडा' असं लिहिलंय, आणि बिल्बोच्या पुढे 'गरीब, पण धीराचा'.

अण्णा१९५६

मंडळाला मोजकंच सांगा म्हणावं. एका गुरुवारी एकच प्रकरण.